निवांतपणा कुणाच्या जिवावर?

टॅम्पाच्या आसपास राहणाऱ्या आपल्या मंडळींना टार्पन स्प्रिंग्ज काही नवं नाही. भारतातून आई-बाबा आले की ऑरलँडो होतं, समुद्र होतो, देवळात जाऊन होतं, आणि मग ‘आता कुठे न्यायचं?’ हा प्रश्न पडला की गाडी आपोआप तिकडे वळते. डोडेकनीज बुलेवार्डवर दुकानांबाहेर टोपल्यांतून स्पंजांचे ढीग लावलेले असतात. आई-बाबा एखादा स्पंज दाबून बघतात. ही वनस्पती नव्हे, समुद्राच्या तळाशी राहणारा प्राणी आहे, असं आपण त्यांना सांगतो. मग बकलावा खाऊन सगळे घरी. मीही पंधरा वर्षं हेच केलं. या गावातली ग्रीक माणसं कुठून आली आणि का आली, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

तो पडला एका भलत्याच निमित्तानं. माझ्याच धंद्यातल्या एका मित्राचा फोन आला. ग्रीस सरकारनं २०२१ पासून ‘डिजिटल नोमॅड’ व्हिसा सुरू केला आहे. महिन्याला साडेतीन हजार युरो बाहेरच्या देशातून मिळवत असाल, तर लॅपटॉप घेऊन खुशाल तिथे येऊन राहा. मित्र म्हणाला, “अरे, किती वर्षं नुसतं प्रोजेक्ट आणि डेडलाइन करणार? एखाद्या बेटावर घर घेऊ भाड्यानं. सकाळी कॉफी, दुपारी झोप, संध्याकाळी समुद्र. काम काय, कुठूनही होतं.” मुलगी नुकतीच कॉलेजला गेली होती, घर रिकामं झालं होतं, आणि सलग चार महिने एका क्लायंटनं माझं डोकं पिकवलं होतं. बोलणं मनात रुतून बसलं.

कुठेही जायचं म्हटलं की आधी त्यावरची पुस्तकं गोळा करायची ही माझी जुनी खोड. (घरचं मत : पुस्तकं वाचून झाली की जायचं राहून जातं.) तर या वेळीही मी ग्रीक बेटांवर जाऊन राहिलेल्या लोकांची पुस्तकं वाचायला घेतली. त्यातल्या दोन पुस्तकांबद्दल आज लिहायचं आहे. पण त्याआधी बाकीच्यांबद्दल थोडं.

‘परदेशी माणूस ग्रीक बेटावर जाऊन राहतो आणि तिथलं संथ आयुष्य त्याला शहाणं करतं’ हा इंग्रजीत आता एक स्वतंत्र साहित्यप्रकारच झाला आहे. त्यातलं सगळ्यात लाडकं पुस्तक म्हणजे जेराल्ड डरेलचं ‘माय फॅमिली अँड अदर अ‍ॅनिमल्स’ (१९५६). डरेल कुटुंब १९३५ ते १९३९ कोर्फू बेटावर राहिलं, तेव्हाच्या या आठवणी. पुस्तक इतकं गोड आहे की त्याच्याबद्दल वाकडा शब्द काढणं जिवावर येतं. किडे, कासवं, घुबडं यांच्याबद्दल डरेल जसं लिहितो तसं फार थोड्यांना जमतं. पण पुस्तक मिटल्यावर मला एक गोष्ट खटकली. त्यातला थोरला भाऊ लॅरी, म्हणजे पुढे नावाजलेला लेखक लॉरेन्स डरेल, आई-भावंडांबरोबर एकाच घरात राहताना दाखवला आहे. प्रत्यक्षात तो आपल्या बायकोबरोबर, नॅन्सीबरोबर, वेगळा राहत होता. कालामी नावाच्या खाडीवरचं त्यांचं घर आजही लोक बघायला जातात. धाकट्या भावाच्या पुस्तकात नॅन्सीचा पत्ताच नाही. उन्हात न्हालेली ती सुट्टी जमून यावी म्हणून एक अख्खी बाई गाळून टाकली आहे.

विनोदी पुस्तकाला एवढी सूट द्यावी, हे मान्य. पण तेव्हापासून मला हा चाळाच लागला. बेटावरच्या निवांतपणाचं वर्णन वाचलं की या चित्रातून कोण गाळलं गेलंय, हे शोधायचं. ‘मामा मिया’ (२००८) हा सिनेमा आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. त्याचं बरंचसं चित्रीकरण स्कोपेलोस बेटावर झालं. त्यात गावकरी आहेत, पण मुख्यतः नायिकेमागे नाचायला. २०२३ साली नेटफ्लिक्सवर ‘ब्लू झोन्स’ची मालिका आली. त्यात इकारिया बेटावरचे नव्वदीचे आजी-आजोबा दिसतात, भाज्या लावतात, वाइन पितात, नाचतात. छानच आहे. पण आजी-आजोबा एवढे दिसतात, तर त्यांची मुलं-नातवंडं कुठे आहेत, असा प्रश्न आपल्यासारख्या घर सोडून आलेल्या माणसाला तरी पडायला हवा.

आपल्याकडे प्रवासवर्णनांना तोटा नाही. पुलंच्या ‘अपूर्वाई’वर (१९६०) आपली एक पिढी परदेश पाहायला शिकली, आणि ग्रीस म्हटलं की मराठी वाचकाला मीना प्रभूंचं ‘ग्रीकांजली’ आठवतंच. पण ही फिरणाऱ्या माणसांची पुस्तकं. पाहुण्यानं किती प्रेमानं आणि बारकाईनं पाहावं याचा ती धडा आहेत, आणि त्याहून जास्त दावा ती करतही नाहीत. (मीनाताईंचं ‘माझं लंडन’ वेगळं, कारण तिथं त्या राहत होत्या.) मला हवं होतं ते एकाच जागी ठाण मांडून बसलेल्या माणसाचं पुस्तक. नळाला पाणी आलं नाही, मुलाला ताप आला, पैसे संपले, असं झाल्यावरही लिहीत राहिलेल्या माणसाचं. ते मला शार्मियन क्लिफ्टकडे सापडलं.

शार्मियन क्लिफ्ट ऑस्ट्रेलियन. जन्म १९२३, न्यू साउथ वेल्समधल्या किआमा गावचा. नवरा जॉर्ज जॉन्स्टन नावाजलेला पत्रकार. १९५४ साली लंडनमधलं स्थिरस्थावर आयुष्य आणि नवऱ्याची चांगली नोकरी सोडून हे जोडपं दोन लहान मुलांना घेऊन कालिम्नोस बेटावर गेलं. कारण काय, तर स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांवर दोघांनी मिळून कादंबरी लिहायची. बरोबर टाइपरायटर, थोडी शिल्लक, आणि प्रकाशकाकडून पुढे पैसे येतील ही आशा. आजच्या भाषेत हे दोघं ‘रिमोट’च काम करत होते. फरक एवढाच, की त्यांचं इंटरनेट म्हणजे टपाल घेऊन येणारी बोट. त्या वर्षावर क्लिफ्टनं लिहिलेलं पुस्तक म्हणजे ‘मर्मेड सिंगिंग’ (१९५६). पुढे ते हायड्रा बेटावर गेले, तिथं घर विकत घेतलं, तिसरं मूल झालं. त्या पहिल्या काही महिन्यांवरचं पुस्तक म्हणजे ‘पील मी अ लोटस’ (१९५९). दोन्ही बरीच वर्षं विस्मरणात गेली होती. २०२१ मध्ये ती पुन्हा छापून आली, म्हणून माझ्यासारख्याच्या हाती लागली.

‘मर्मेड सिंगिंग’ वाचताना पहिल्या पन्नास पानांत मी जरा निराश झालो, हे कबूल करतो. क्लिफ्टला विशेषणांचा सोस आहे. डोंगर नुसता डोंगर नसतो, म्हातारी नुसती म्हातारी नसते. कुठल्याही मच्छीमारात तिला होमरचा एखादा वीर दिसतो. ग्रीसमध्ये आलेल्या प्रत्येक इंग्रजी लेखकाला हा रोग जडतो, तिलाही जडलेला आहे. पण हळूहळू लेखिकेचं लक्ष डोंगरावरून उतरून माणसांच्या व्यवहारावर येतं, आणि पुस्तक पकड घेतं.

कालिम्नोसचा व्यवहार समजून घ्यायला हवा. डोडेकनीज द्वीपसमूहातलं हे बेट म्हणजे चुनखडीचा उघडाबोडका डोंगर. पिकवण्याजोगी जमीन फारच थोडी. १९१२ पासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत ते इटलीच्या ताब्यात होतं आणि ग्रीसमध्ये अधिकृतपणे सामील झालं १९४८ साली. पोट भरायचं साधन एकच, स्पंज. ईस्टर झालं की बोटींचा ताफा आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे निघायचा आणि शरद ऋतूत परत यायचा. निघण्यापूर्वी पाणबुड्याला आगाऊ रक्कम मिळायची. तिला तिथे ‘प्लातिका’ म्हणतात. त्या पैशांत घरचं वर्षाचं भागवायचं, जुनी उधारी फेडायची, आणि उरलेल्यात माणूस जाण्यापूर्वीचे दिवस राजासारखा जगायचा. कारण परत येण्याची खात्री नसायची.

खात्री का नसायची, तेही सांगतो. १८६० च्या दशकात रबरी पोशाख आणि पितळी शिरस्त्राण आलं. त्याला तिथे ‘स्काफान्द्रो’ म्हणतात. त्यामुळे माणूस पूर्वीपेक्षा खोल जाऊ लागला आणि जास्त वेळ खाली राहू लागला. खोल पाण्यात दाबामुळे हवेतला नायट्रोजन रक्तात विरघळतो. माणूस सावकाश वर आला तर तो हळूहळू निघून जातो. घाईनं वर आला, तर सोड्याची बाटली उघडल्यावर होतं तसं रक्तात बुडबुडे होतात. परिणाम म्हणजे लकवा, नाहीतर मृत्यू. हे शास्त्र कळायला वेळ लागला, आणि कळल्यावरही आगाऊ रक्कम घेतलेल्या माणसाला सावकाश वर येणं परवडत नव्हतं. कालिम्नोसवर ‘मिहानिकोस’ नावाचा एक नाच आहे. रांगेतला पहिला नर्तक काठी टेकत येतो, त्याचे पाय थरथरत असतात. तो लुळा पडलेल्या पाणबुड्याचा नाच आहे.

क्लिफ्टचं मोठेपण मला इथे दिसतं. लंडनच्या धावपळीला कंटाळून ती ज्या संथ बेटावर आली, त्या संथपणाचा हिशेब ती मांडत जाते. वर्षातले निम्मे महिने तरुण पुरुष बेटावर नसतात म्हणून गल्ल्या शांत असतात. धक्क्यावर बायका उभ्या असतात त्या सूर्यास्त बघायला नव्हे. कॉफीच्या दुकानात दिवसभर बसलेल्या पुरुषांपैकी कित्येकांना बसण्यावाचून दुसरं काही करताच येत नाही. आणि ती स्वतःला यातून सोडत नाही. तिला हे चांगलं कळतं, की परदेशी असल्यामुळे आपण पुरुषांबरोबर खानावळीत बसून दारू पिऊ शकतो, इथल्या बाईला ती मुभा नाही. या बायकांची एकामागून एक बाळंतपणं, घरातला त्यांचा अधिकार आणि घराबाहेरची त्यांची गप्प राहण्याची सक्ती, हे सगळं ती जवळून पाहते. कधी तिला संताप येतो, कधी चक्क हेवा वाटतो. दोन्ही भावना ती तशाच ठेवते, त्यांचा मेळ घालायच्या भानगडीत पडत नाही.

आणि यातली सगळ्यात बोचरी गोष्ट : ती ऑस्ट्रेलियातून जिथे आली, तिथल्या लोकांना ऑस्ट्रेलियाला जायचं होतं. नायलॉन आणि प्लास्टिकच्या कृत्रिम स्पंजांनी धंदा बसत चालला होता. १९५० च्या दशकात कालिम्नोसची कितीतरी माणसं ऑस्ट्रेलियाला, विशेषतः डार्विनला, गेली. त्याच्याही आधी, १९०५ पासून, डोडेकनीजचे पाणबुडे आपल्या टार्पन स्प्रिंग्जला येऊ लागले होते. आपण मजेत दाबून बघतो त्या स्पंजांचा धंदा इथे त्यांच्याच जिवावर उभा राहिला. म्हणजे एका बोटीतून साहित्यिक जोडपं ‘साधं आयुष्य’ शोधत उतरतंय, आणि दुसऱ्या बोटीत बसायला गावकरी रांग लावून उभे आहेत. असा विनोद रचून सुचत नाही.

पुस्तक वाचून मी भारावलो खरा, पण मुळात माझा प्रश्न राहण्याचा होता. म्हणून एका ऑक्टोबरमध्ये आम्ही दोघं तीन आठवडे कालिम्नोसला गेलो. विमानानं कोस, तिथून मास्तिहारी नावाच्या छोट्या बंदरातून फेरी बोट. पर्यटक बहुतेक पश्चिमेकडच्या मासूरीला उतरतात. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून तिथं कडे चढणाऱ्यांची जत्रा भरते, आणि १९८६ साली स्पंजांवर रोग पडल्यानंतर बेटाला सापडलेला तो नवा आधार आहे. आम्ही मुद्दाम पोथियात, म्हणजे मुख्य बंदराच्या गावात, खोली घेतली.

दिवस असा जायचा. सकाळी ‘कफेनिओ’त कॉफी, तीही गाळ खाली बसेपर्यंत थांबून प्यायची. मग बाजार. दोनच्या सुमारास दुकानं बंद, गाव झोपलेलं. सोमवारी आणि बुधवारी तर बरीचशी दुकानं संध्याकाळी पुन्हा उघडतच नव्हती, हे आम्हाला साखर संपल्यावर कळलं. संध्याकाळी सगळं गाव धक्क्यावर फेऱ्या मारायला निघायचं. टोमॅटो, कांदा, चीज आणि पाण्यात भिजवलेले जवाचे टोस्ट यांची ‘मिर्मिझेली’ नावाची कोशिंबीर आमच्या घरी अजून होते. तिसऱ्या आठवड्यात माझा उजवा खांदा दुखायचा थांबला. तो सहा वर्षं दुखत होता. हे सांगितलं पाहिजे, नाहीतर निवांतपणावर मी उगाच तोंडसुख घेतोय असं वाटेल. त्याचा गुण येतो.

आमची घरमालकीण साठीची. डार्विनमध्ये वीस वर्षं काम करून परत आलेली, त्यामुळे बोलणं अस्सल ऑस्ट्रेलियन. एकदा मी सहज म्हटलं, खोली फार छान आहे, नवीन दिसते. ती म्हणाली, “ही माझ्या थोरलीची. आमच्याकडे घर आईकडून मुलीला जातं. तिच्या लग्नासाठी हा वरचा मजला चढवला. ती डार्विनला असते. ऑगस्टमध्ये येते, तीन आठवडे.” मग जरा थांबून, “बाकीचे महिने तुमच्यासारखे लोक.” त्याच दुपारी ती खालच्या स्वयंपाकघरात लेकीसाठी पार्सल बांधत होती. मध, ओरेगानो, जवाचे टोस्ट. आमच्या हिनं ते पाहिलं आणि काही न बोलता टेप धरायला बसली.

डेव्हिड सटन या मानववंशशास्त्रज्ञाचं कालिम्नोसच्या खाद्यसंस्कृतीवर एक पुस्तक आहे, ‘रिमेंबरन्स ऑफ रिपास्ट्स’ (२००१). परदेशी गेलेल्या मुलांना पाठवलेल्या अशाच पार्सलांबद्दल त्यात आहे. ग्रीकमध्ये परमुलखातल्या राहण्याला ‘क्सेनित्या’ म्हणतात. त्या शब्दात नुसतं राहणं नाही, तुटलेपणही आहे. भाजणी आणि मेतकुटाच्या पुड्या सामानात भरून आणणाऱ्या आपल्याला त्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

आता दुसरं पुस्तक. ‘पील मी अ लोटस’ सुरू होतं १९५६ च्या फेब्रुवारीत, हायड्रा बेटावर घर घेतानाच्या गोष्टीनं. लेखन म्हणून हे पहिल्यापेक्षा सरस आहे. विशेषणं कमी झाली आहेत, वाक्यं धारदार झाली आहेत, आणि बाई स्वतःशी जास्त खरं बोलायला लागली आहे. प्रकाशकाचा चेक येत नाही, घराची डागडुजी संपत नाही, मूल व्हायची वेळ जवळ येते. परदेशी कलाकारांचा गोतावळा जमतो, स्वातंत्र्य, कला, पॅरिस यांवर रात्र-रात्र गप्पा झोडतो, आणि त्यातला एकही जण पाणी भरायला उठत नाही. पाणी, चूल, धुणं, मुलं हे सगळं तिच्याकडे. टाइपरायटर तिचाही आहे, पण त्याच्याशी बसायला वेळ नवऱ्याला जास्त मिळतो. साध्या आयुष्यात कामं कमी नसतात. ती हातानं करावी लागतात, आणि ते हात बहुधा बाईचे असतात, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारं या प्रकारातलं दुसरं पुस्तक माझ्या वाचनात नाही.

ही पानं मी आमच्या हिला वाचून दाखवली. ती म्हणाली, “अरे, हे पुस्तक आधी का नाही वाचलंस? मित्राबरोबर बेटावर घर घ्यायच्या गप्पा मारत होतास. मिक्सर नाही, डिशवॉशर नाही, सगळं हळूहळू करायचं. हळूहळू करणार कोण होतं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. समीक्षा म्हणून याहून नेमकं मलाही लिहिता येणार नाही.

पण याच पुस्तकात मोठं नुकसानही झालं आहे. कालिम्नोसच्या पुस्तकात गावकरी मध्यभागी होते. हायड्रावर ते कडेला सरकले आहेत. जागा घेतली आहे परदेशी मंडळींच्या रुसव्याफुगव्यांनी. ते नावं बदलून लिहिले आहेत आणि चटकदारही आहेत, पण शंभर पानांनंतर कंटाळा येतो. लेखिका बेटावर मुरत जाते तसतशी तिला बेट कमी दिसायला लागतं, असं काहीसं झालं आहे. आणि हे तिच्या एकटीचं नाही. मी टॅम्पात इतकी वर्षं आहे. माझ्या आठवड्याच्या गप्पांत अमेरिकन शेजारी किती असतात आणि आपल्याच मंडळातली भांडणं किती, याचा हिशेब केला तर मीही कुणाला नावं ठेवू नयेत.

हायड्राचं पुढे काय झालं ते जगजाहीर आहे. १९५६ मध्येच तिथं ‘बॉय ऑन अ डॉल्फिन’ या हॉलिवुडच्या सिनेमाचं चित्रीकरण झालं, सोफिया लॉरेन आली. १९६० मध्ये लेनर्ड कोहेननं तिथं घर घेतलं. क्लिफ्ट-जॉन्स्टन जोडप्याभोवतीच्या त्या गोतावळ्याची दंतकथा झाली. २०२० मध्ये पॉली सॅमसननं त्यावर कादंबरीही लिहिली. दंतकथेत निळं पाणी आणि गिटार उरते. कर्ज, दारू आणि आजारपण गळून पडतं. १९६४ मध्ये हे कुटुंब ऑस्ट्रेलियाला परतलं. क्लिफ्टनं सिडनीच्या वर्तमानपत्रात आठवड्याचं सदर लिहिलं, ते लोकप्रिय झालं. १९६९ साली तिनं स्वतःचं आयुष्य संपवलं. पुढच्या वर्षी क्षयानं जॉन्स्टन गेला. तिच्या मृत्यूचा दोष बेटाला देणं चूक ठरेल. पण ‘बेटावर जा, बरे व्हाल’ असं सांगणाऱ्यांनी हे शेवटचं पानही उघडं ठेवावं.

‘पील मी अ लोटस’ या नावात ओडिसीतल्या कमळ खाणाऱ्यांची आठवण आहे. ओडिसियसची माणसं एका किनाऱ्यावर उतरतात, तिथलं कमळ खातात आणि घरी जायचंच विसरतात. त्यांना रडत-ओरडत ओढून बोटीवर आणावं लागतं. आम्ही पोथियाहून निघालो तेव्हा ही गोष्ट माझ्या डोक्यात होती. पण आठवण आली ती होमरची नाही, आमच्या आत्याची.

आत्या कोकणात असते, रत्नागिरी जिल्ह्यात, एकटी. मोठं घर, मागं पोफळी. तिची दोन्ही मुलं मुंबईत, आम्ही भाचरं जगभर. दर दोन-तीन वर्षांनी मी चार दिवस जातो, पडवीत खुर्ची टाकतो आणि म्हणतो, “आत्या, किती शांत आहे गं इथं.” गेल्या खेपेला ती सुपारी कातरता कातरता म्हणाली, “शांत काय रे? माणसं नाहीत, म्हणून शांत. तुम्ही पोरं होतात तेव्हा ओरडून घसा बसायचा माझा.” मी हसलो, फोटो काढला, आणि ग्रुपवर टाकला : ‘कोकण, निवांत.’

कालिम्नोसची ती खोली, आत्याची पडवी, आणि शार्मियन क्लिफ्टचं पुस्तक ही तिन्ही माझ्यासाठी आता एकत्रच आहेत. निवांत जागा वाईट नसतात, आणि तिथं जाऊन राहणं हे पापही नाही. घरमालकिणीला भाडं हवंच होतं. पण तिथल्या शांततेवर लिहायचं, तर ती शांतता कुणाच्या जाण्यानं झाली आहे, हे लिहिल्याशिवाय ते लेखन पुरं होत नाही. या कसोटीवर डरेलचं गोड पुस्तक उतरत नाही. ‘पील मी अ लोटस’ निम्मं उतरतं : घरातल्या बाईपुरतं पूर्ण, गावापुरतं अपुरं. ‘मर्मेड सिंगिंग’ विशेषणांसकट, होमरसकट उतरतं. आणि जाणारे कोण, तर बहुधा आपल्यासारखेच. त्यामुळे हे पुस्तक वाचायला आपल्याइतका योग्य वाचक शोधून सापडणार नाही.

मित्र गेला क्रीटला, सहा महिन्यांसाठी. मजेत आहे. मी व्हिसाचा अर्ज केला नाही. त्याऐवजी या वर्षीची सगळी रजा साठवून डिसेंबरात आत्याकडे सलग पाच आठवडे राहायचं ठरवलंय. फोनवर सांगितलं, तर ती आधी गप्प झाली आणि मग म्हणाली, “पाच आठवडे? काय नोकरी गेली की काय तुझी?”

असो. दोन्ही पुस्तकं माझ्याकडे आहेत. ज्यांना हवी असतील त्यांनी गणपतीच्या कार्यक्रमात मला गाठावं. आधी ‘मर्मेड सिंगिंग’ वाचावं, मग दुसरं. आणि मंडळाच्या परंपरेला छेद देऊन, वाचून झाल्यावर परत आणून द्यावीत ही नम्र विनंती.